तुम्ही विचारलंत म्हणून: तीन रंगांनी काळा होतो, मग काळी कार्ट्रिज वेगळी कशाला?

दुकानात प्रिंटर घेऊन येणारे हे हमखास विचारतात. सायन (आकाशी निळा), मजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा एकत्र केले की काळा होतो असं शाळेत शिकलोय, मग ही चौथी शाई आमच्या गळ्यात कशाला? पैसे काढायलाच ना?

नाही हो. तीन रंगांवर भागवायचा प्रयोग खरंच झालेला आहे, तोही लोकांच्या टेबलावर. १९९१ साली एचपीनं डेस्कजेट ५००सी आणला, इंचाला ३०० ठिपके, साधा कागद चालायचा, आणि अमेरिकेत किंमत हजार डॉलरच्या थोडी वर, म्हणजे रंगीत प्रिंटर छोट्या ऑफिसच्या आवाक्यात आला म्हणा ना. पण कार्ट्रिजला जागा एकच! पत्र छापायचं तर काळी बसवा, रंगीत तक्ता छापायचा तर ती काढून तीन रंगांची बसवा, आणि मग त्या पानावरची काळी अक्षरंसुद्धा त्या तीन शायांतूनच बनायची.

तो काळा भिंगाखाली बघण्यासारखा असतो. नुसत्या डोळ्यांना हिरवट-तपकिरी, मळकट दिसतो, आणि भिंग लावलं की अक्षराच्या कडेला कुठे निळसर तर कुठे गुलाबी रेघ डोकावते, कारण तीन थेंब अगदी एकावर एक पडत नाहीत, केसभर तरी सरकतातच. शिवाय कुठलीच शाई पुस्तकातल्यासारखी शुद्ध नसते, प्रत्येक जण नको तो थोडा प्रकाश सोडतो किंवा खातो. आणि एकाच जागी तिप्पट ओल, त्यामुळे साधा कागद फुगतो, शाई तंतूंतून पसरते, बारीक अक्षराची पोटं भरून जातात. वर खर्च तिप्पट. पुढच्याच वर्षी ५५०सी आला, त्यात दोन्ही कार्ट्रिज शेजारी शेजारी बसल्या आणि काळी अक्षरं काळ्या शाईनं छापली जायला लागली. माझ्या मते टेबलावरच्या रंगीत छपाईतली सगळ्यात शहाणपणाची सुधारणा हीच.

तसं काळ्याचं महत्त्व आधीच्यांनाही कळत होतं. १९८५ चा ॲपल इमेजरायटर २ शाईच्या रिबनवर पिना आपटून छापायचा, त्यात रंगीत रिबन घालता यायची, एकाच रिबनवर चार आडव्या पट्ट्या, पिवळी, लाल, निळी आणि काळी वेगळी. रिबन वरखाली सरकायची आणि पिना एकाच ओळीवरून परत परत फिरायच्या, प्रचंड आवाज करत. यात हाल पिवळीचे, आधी उमटलेल्या गडद रंगाची शाई लागली की पट्टी मळायची आणि पिवळा मग पिवळा उरायचा नाही. १९८७ च्या एचपी पेंटजेटमध्येही काळी कार्ट्रिज वेगळी होती, पण तिथे इंचाला १८० ठिपके आणि चांगल्या रंगासाठी खास कागद.

एचपीचे हे शाईचे थेंब उडवणारे प्रिंटर शक्य झाले ते शाई उकळवण्याच्या युक्तीमुळे, आणि ती मला आजही भारी वाटते. १९७७ मध्ये जपानात कॅननच्या इचिरो एंडोंच्या प्रयोगात तापलेला सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागला आणि शाई उडाली. एचपीत जॉन व्हॉट त्याच वाटेवर स्वतंत्रपणे पोचले. नोझलमधला, म्हणजे शाई बाहेर पडते त्या बारीक भोकाजवळचा, इवलासा हीटर क्षणभर तापतो, बुडबुडा फुगतो, थेंब बाहेर. एप्सननं मात्र उष्णता टाळून वीज दिली की वाकणारा पिझो स्फटिक वापरला, आणि १९९४ च्या स्टायलस कलरनं इंचाला ७२० ठिपके काढून फोटो छापायची गोडी लावली.

तेव्हा काळी घ्या, बिनधास्त घ्या. आणि नुसती बिलं किंवा अर्ज छापत असाल तर सेटिंगमध्ये ग्रेस्केल निवडून थांबू नका, कारण बरेच प्रिंटर करड्या छटा मऊ दिसाव्यात म्हणून त्यातही रंग मिसळतात. 'फक्त काळी शाई' असा पर्याय असेल तर तो टिक करा.