बहात्तर

आज नागपूरच्या धंतोलीत दादाचं, डोक्याला हलका करंट देण्याच्या उपचाराचं, दहावं सेशन. वर्धा रोडवरच्या अपघाताला आठ महिने झाले. हेल्मेट त्या दिवशी गाडीच्या आरशाला लटकलेलं होतं, त्याचा राग मला अजून येतो. हाडं जुळली, पण सांगितलेलं पाच मिनिटांत निसटतं.

मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, डोक्याला रबरी पट्टा, 2 मिलिअँपिअर करंट, 20 मिनिटं. आई 'शॉक' म्हणून घाबरते, पण हा शॉक नव्हेच. एवढ्याशा करंटने मेंदूची पेशी आपोआप संदेश सोडत नाही, फक्त तिला तो सोडणं थोडं सोपं होतं. खरं काम सोबतच्या सरावाचं: शंभरातून सात-सात वजा करत जायचं. डोक्याच्या दुखापतीत याचा फायदा किती, यावर अजून संशोधनच चालू आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. म्हणूनच माझा विश्वास बसला.

आज दादा 93, 86, 79 पर्यंत गेला. तिथे अडला. कानशिलावरून पाण्याचा ओघळ आला, तो मी रुमालाने टिपला आणि गप्प बसले.

बाहेर तर्री पोह्याच्या ठेल्यावर प्लेट हातात घेताना तो एकदम म्हणाला, "बहात्तर होते नं गं ते?"