पाच मीटरच्या घरावर वीस मीटरची तार

ओळखीत कुणाच्या हातात हॅम रेडिओचा (हौस म्हणून स्वतःच्या रेडिओवरून इतरांशी बोलण्याचा) परवाना पडला, की आठवड्याभरात मला फोन येतो: "ताई, तुमचं घर दांडिया बाजारात, भिंतीला भिंत लागलेलं. तिथे तुम्ही अँटेना लावलात तरी कुठे?" परवा तुम्हीही हेच विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आमचं घर जुन्या बडोद्यातल्या घरांसारखंच, अरुंद आणि लांबट. रुंदी पाच मीटर, लांबी तेरा. वर अगाशी म्हणजे गच्ची, अगाशीत पाण्याची टाकी, मागे चौक, शेजारी काकूंचं पत्र्याचं छप्पर आणि पुढे गल्लीत विजेच्या तारा. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला (मध्यावर केबल जोडलेल्या, दोन सारख्या बाजूंच्या तारेच्या अँटेनाला) किती तार लागते याचं सूत्र सोपं आहे: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा. उत्तर येतं वीस मीटर. माझी अगाशी तेराची. सहा महिने मी हा आकडा घेऊन नुसती बसून होते, आणि त्या सहा महिन्यांची मला आजही हळहळ वाटते.

मग एका रविवारी टेप घेऊन अगाशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजली. चौदा मीटर भरली. राहिलेल्या सहा मीटरांचं काय? डायपोलचं खरं काम मधला भाग करतो, कारण विद्युतप्रवाह तिथेच जास्त असतो. टोकं वाकवली तरी फार बिघडत नाही. टाकीजवळ पाच मीटरचा बांबू बांधला, तारेचा मध्य त्याच्या शेंड्यावर नेला आणि दोन्ही बाजू कोपऱ्यांकडे उतरत्या सोडल्या. मागचं टोक चौकात खाली लोंबतं. पुढचं मात्र गल्लीवर नेलं नाही, कठड्याच्या आतून वळवून घेतलं. तार तुटली तर कुठे पडेल, हे बांधायच्या आधी बघायचं. विजेच्या तारेवर पडू शकेल अशी जागा असेल, तर तो बेत तिथेच सोडून द्या. आणि टोकं डोक्याच्या वरच ठेवा. प्रसारण चालू असताना तिथे व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, हात लागला तर भाजतं.

तार साधी, घरातल्या वायरिंगची, दीड चौरस मिलिमीटरची. सुरुवातीला मुद्दाम थोडी लांब ठेवली होती. पीव्हीसीच्या वेष्टनामुळे ती सूत्रापेक्षा कमी लांबीलाच जुळते. माझी १९.३ मीटरला जुळली. घाईनं कापू नका, टोक मागे दुमडून बघा. दुमडलेलं पुन्हा उलगडता येतं.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच्या पुढे आहे. तार लागली, एसडब्ल्यूआर (तार रेडिओशी किती जुळली याचं माप, एकाच्या जितकं जवळ तितकं चांगलं) १.३ आला, आणि संध्याकाळी रेडिओ लावला तर नुसती घरघर. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस-९ वर चिकटलेला. जागा कमी म्हणून असं होतंय, हे मी धरूनच चालले होते. एके रात्री रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच बंद केला. काटा एस-५ वर आला आणि त्या शांततेत पुण्याचे एक काका स्पष्ट मराठीत हवामान सांगत होते! दोष होता आमच्याच स्वयंपाकघरातल्या एलईडी दिव्यात आणि मोबाइलच्या एका स्वस्त चार्जरमध्ये. दोन्ही बदलले. रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या कोअ‍ॅक्स केबलचे बारा वेढे फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून घेतले. एस-९ वरून एस-५ म्हणजे २४ डेसिबलचा फरक. पन्नास वॉटचे शंभर केलेत तर मिळतात तीनच डेसिबल. म्हणून जागेच्या आधी घरातला गोंगाट शोधा, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

आणि तार उंच नाही याचं दुःख करू नका. ७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२ मीटर, त्या मानानं आमचा बांबू बुटकाच. अशा तारेचा संदेश बराचसा सरळ वर जातो, अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून (वातावरणाच्या विद्युतभारित थरातून) परत फिरतो आणि आसपासच्या चारपाचशे किलोमीटरांत उतरतो. त्यात नाशिक आलं, इंदूर आलं, पुणं आलं. भूज इथून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तिथले फोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनीही निरोप पोचवले होते. तो दिवस आठवला की मला या बुटक्या तारेची किंमत कळते. परदेशाशी बोलायचं असेल तर हीच तार २१ मेगाहर्ट्झवरही चालते.

आता बडोद्याचंच म्हणून एक. पहिल्या वर्षी उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, मी तार तशीच ठेवली होती. चौदा तारखेच्या संध्याकाळी मागची बाजू सळसळत काकूंच्या पत्र्यावर आली. वर जाऊन पाहिलं तर मांजानं नायलॉनची दोरी करवतीसारखी कापलेली, तारेच्या वेष्टनावर नखभर खोल चरा आणि एक हिरवा पतंग अजून फडफडतोय. काकू खालून विचारत होत्या, "अगं, करंट नाही ना त्यात?" रेडिओ बंदच होता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून बारा जानेवारीला तार उतरवून गुंडाळून ठेवते. वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस, झालं की सोळाच्या सकाळी आधी बांबूला अडकलेला मांजा सोडवते, दोरी बोटांनी चाचपून बघते आणि मग तार वर चढवते. काकू त्यांच्या बाजूचं टोक धरतात.

तुमच्या गच्चीचं तिरकं माप तेवढं मला कळवा.