रोजचे ठरवणे कमी करताना

‘आज भाजी कोणती करायची?’ हा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक घरांत रोज एकदा तरी विचारला जातो आणि ‘काहीही कर’ असे उत्तर येऊन तो जिथल्या तिथे राहतो. प्रश्न लहान आहे, पण त्याच्या पोटात अनेक प्रश्न असतात. घरात काय शिल्लक आहे, कोणती भाजी आज संपवली नाही तर खराब होईल, कडधान्य भिजत घातले आहे का, डब्यात रस्सा चालेल का, सासूबाईंच्या पथ्यात काय बसते आणि संध्याकाळी परतताना मंडईत थांबायला वेळ मिळेल का, हे सगळे त्या एका वाक्यात असते. भाजी फोडणीला टाकून शिजवायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. ती ठरवण्याचे काम मात्र दिवसभर डोक्यात मागे कुठेतरी चालूच राहते.

नोकरी, सासूबाईंचे दीर्घ आजारपण आणि मुलाचे बारावीचे वर्ष हे सारे एकाच वेळी आले, तेव्हा जो थकवा मला जाणवू लागला तो हातापायांचा नव्हता. स्वयंपाकाला मदतीची बाई होती, धुणेभांडी होत होती आणि घरातले कोणी अंग चोरणारे नव्हते. तरीही लोकलमध्ये उभी असताना, कार्यालयातल्या बैठकीत, रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा डोक्यात याद्या चालू असत. औषधे कधी संपतील, सिलेंडर नोंदवला का, विम्याचा हप्ता कोणत्या तारखेला आहे, भाचीच्या साखरपुड्याला कोण जाणार. जगणे सोपे करायचे म्हणजे कपाटातल्या वस्तू टाकून द्यायच्या, असे हल्ली बरेच सांगितले जाते. माझ्या मते ते दुय्यम आहे. माणसाला दमवतात ती पुन्हा पुन्हा ठरवावी लागणारी आणि सतत लक्षात ठेवावी लागणारी कामे, आणि म्हणून साधेपणाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

आमच्या घरी ती स्वयंपाकघरातून झाली. आठवड्याचा ढाचा आम्ही एकदा बसून ठरवला आणि शीतकपाटाच्या दारावर लावला. त्यात भाज्यांची नावे नाहीत, प्रकार आहेत, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. सोमवारी पालेभाजी, मग ती मेथी असो, शेपू असो वा चाकवत, बाजारात जी ताजी मिळेल ती. मंगळवारी फळभाजी, बुधवारी मोडाची उसळ, गुरुवारी पिठले किंवा झुणका, शुक्रवारी पुन्हा पालेभाजी, शनिवारी रात्री खिचडी. नावे ठरवली की ऋतू बदलताच वेळापत्रक मोडते, शेपू मिळाला नाही की चिडचिड होते आणि दोन आठवड्यांत तो कागद निरुपयोगी होतो. प्रकार ठरवले की बाजाराला आणि हंगामाला जागा राहते. उसळीचा वार पक्का झाल्यामुळे मटकी सोमवारी रात्री भिजत पडते, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली जाते आणि बुधवारी सकाळी तिला मोड आलेले असतात. पूर्वी यातले भिजत घालणेच नेमके राहून जायचे, कारण त्याची आठवण ते काम उपयोगी पडण्याच्या दीड दिवस आधी व्हावी लागते.

हा ढाचा करताना लक्षात आले की आपल्या जुन्या घरांत ही सोय निराळ्या रूपात होतीच. संकष्टी, एकादशी, सोमवार अशा दिवशी काय करायचे हा प्रश्नच उद्भवत नसे. आषाढात कांदेनवमीला कांद्याचे पदार्थ भरपूर खाऊन घ्यायचे आणि पुढे चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगी बंद. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य झाला की वांगी पुन्हा सुरू. या प्रथांमागची श्रद्धा ज्याची त्याची आहे आणि त्या पाळण्याचे सारे श्रम बायकांच्याच वाट्याला येत, हेही मला ठाऊक आहे. परंतु वर्षातले कितीतरी निर्णय आधीच घेऊन ठेवलेले असत आणि ते एकट्या बाईने रोज नव्याने घ्यायचे नसत, हा त्यातला भाग मला मोलाचा वाटतो. आज दहा मिनिटांत सामान घरपोच मिळते, ही अडीअडचणीला मोठीच सोय आहे. मात्र तिच्यामुळे महिन्याच्या वाणसामानाची यादी मोडली आणि तिच्या जागी दिवसाला तीनचार लहान खरेद्या आल्या. प्रत्येक खरेदीत मोबाईल हातात घेणे, पर्याय पाहणे, किमती ताडणे आणि कोणीतरी दार उघडायला घरी आहे ना हे पाहणे आलेच. आम्ही महिन्याची यादी पुन्हा सुरू केली. ती एका वहीत कायम लिहिलेली आहे. दर महिन्याला फक्त डबे पाहून प्रमाणे बदलायची.

गणपतीचीही अशीच वही आहे. दूर्वा, पत्री, केवडा, सुपाऱ्या, जानवे, कापूर, मोदकाच्या पिठाचे प्रमाण, कोणाकडे आमंत्रण द्यायचे, गेल्या वर्षी काय कमी पडले, हे सगळे तीत आहे. सजावटीचा लाकडी मखर दरवर्षी तोच असतो. नवी कल्पना लढवण्याचा आनंद ज्यांना आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. आमच्या घरी मात्र दर वर्षीच्या नव्या देखाव्याची धावपळ थांबल्यावर आरतीच्या वेळी सगळे घर आरतीला हजर राहू लागले.

मात्र या सगळ्याचा उपयोग अर्धाच झाला असता, जर वही लिहिणारी आणि वही पाहणारी व्यक्ती एकच राहिली असती. आलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ संशोधिकेने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारित एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. घर चालवण्यातल्या बौद्धिक कामाचे तिने चार भाग केले आहेत : गरज आधी ओळखणे, ती भागवण्याचे पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. निर्णय घेण्यात नवरा-बायको बऱ्याच अंशी बरोबरीने सहभागी होते; पहिला आणि शेवटचा भाग मात्र प्रामुख्याने बायकांकडे होता. निबंध अमेरिकेतल्या घरांचा आहे, पण वाचताना मला आमची सोसायटी दिसत होती. हातांनी होणाऱ्या कामाची आपल्याकडची स्थिती तर आकड्यांतच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. ‘सिलेंडरची आठवण कुणी ठेवली’ याची मिनिटे अशा मोजणीत फारशी सापडणारही नाहीत, कारण आठवण ठेवण्याचे काम दुसरे काम करता करताच होत असते.

म्हणून आम्ही कामे वाटताना ‘मदत’ या पद्धतीने वाटायची नाहीत असे ठरवले. ‘सांग, मी आणतो’ यात आणण्याचे श्रम वाटले जातात, पण सांगण्याची जबाबदारी होती तिथेच राहते. आता सासूबाईंची औषधे हे पूर्णपणे माझ्या नवऱ्याचे खाते आहे. गोळ्या किती उरल्या हे पाहणे, डॉक्टरांची वेळ घेणे, रक्ताच्या तपासण्यांच्या तारखा, फाईल सांभाळणे हे सारे त्यांच्याकडे आहे आणि मी त्याविषयी विचारत नाही. पाणी, वीज, सिलेंडर आणि दुरुस्तीची माणसे मुलाकडे आहेत. वाणसामान आणि स्वयंपाकाचा ढाचा माझ्याकडे आहे. सर्वांत कठीण गेले ते न विचारणे. एकदा सिलेंडर खरोखरच संपला आणि ती संध्याकाळ विजेच्या शेगडीवर निभावली, परंतु त्यानंतर मुलाने स्वतःच नोंदणीची पद्धत बसवली. सोपवलेल्या कामात एखादी चूक होऊ देण्याची तयारी नसेल, तर ते काम सोपवले असे म्हणता येत नाही.

मोबाईलबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात सांगते. व्यापारी फोन आणि संदेश १९०९ या क्रमांकावर नोंद करून बंद करता येतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपल्याला गटात कोण घालू शकेल हे ठरवण्याची सोय २०१९ पासून आहे आणि २०२२ पासून सर्वांना कळवल्याशिवाय गटातून बाहेर पडता येते. आता तेवढे केवळ गटाच्या प्रशासकाला कळते. नातेवाइकांच्या गटातून बाहेर पडणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी त्यांचा आवाज बंद केला आणि रात्री जेवणानंतर एकदाच ते पाहते. तातडीचे असेल तर फोन करा, असे सर्वांना स्वतः कळवले. हे कळवणे फार आवश्यक होते, नाहीतर माणसे दुखावतात.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मध्यमवर्गीय घरांतली मोठी धास्ती तिथे साठलेली असते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. नोकऱ्या बदलताना उघडलेली पगाराची खाती, कुणाच्या आग्रहाने घेतलेली लहानशी पॉलिसी, सासऱ्यांच्या नावाची पतपेढीतली ठेव, जुना लॉकर. यांतल्या प्रत्येक गोष्टीचे ‘कधीतरी बघायला हवे’ असे एक ओझे मनावर असते. बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत वर्ग होते. ती तिथूनही परत मिळते, पण त्यासाठी बँकेकडे अर्ज करावा लागतो. अशा विस्मृतीत गेलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. आम्ही नवरा-बायकोंनी खाती बंद करून प्रत्येकी एक आणि एक संयुक्त एवढीच ठेवली, सगळीकडे नामनिर्देशन तपासले (नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते) आणि एका फाईलच्या पहिल्या पानावर काय कुठे आहे ते लिहून मुलाला दाखवले. वाहन परवाना, आधार, दहावी-बारावीची प्रमाणपत्रे अशा मिळतील तितक्या कागदांच्या प्रती २०१५ पासून उपलब्ध असलेल्या डिजिलॉकरमध्ये घेतल्या. वीज आणि विमा यांची देयके खात्यातून आपोआप भरली जातील अशी व्यवस्था केली. रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावे असा नियम असल्यामुळे त्यात लक्ष ठेवण्याचा त्रासही कमी झाला. या साऱ्याला कित्येक शनिवार लागले आणि एका बँकेत एका सहीसाठी पुन्हा पुन्हा जावे लागले. कंटाळवाणे काम आहे, पण मनाला त्याच्याइतका मोकळेपणा इतर कशाने आला नाही.

जे लगेच करता येत नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. मॅसिकॅम्पो आणि बाऊमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अपुरी राहिलेली कामे दुसरे काही करताना मनात घुसत राहतात. परंतु ते काम कधी आणि कसे करायचे याची नेमकी योजना केली की, काम झालेले नसतानाही, ही घुसखोरी बरीच थांबते. म्हणून माझ्या वहीत ‘आधारवरचा पत्ता बदलणे’ असे लिहिलेले नसते. ‘१४ तारखेला शनिवारी सकाळी, वीज देयक घेऊन, केंद्रावर’ असे लिहिलेले असते.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्यांचा ताण तुटपुंज्या पगाराचा, कर्जाचा किंवा कल्याण-कसाऱ्याहून रोज मुंबई गाठण्याचा आहे, त्यांना साधेपणाचा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यांच्या जगण्यातून काढून टाकण्यासारखे फारसे काही उरलेलेच नसते. त्यांना हवे असते ते चांगले वेतन, वेळेवर धावणारी आणि चढता येईल अशी गाडी. त्याचप्रमाणे झोप उडणे, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे हे आठवडे न आठवडे चालू राहिले तर तो वह्या-याद्यांनी सुटणारा प्रश्न नाही आणि तिथे डॉक्टरांकडेच जायला हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

काही गोष्टी आम्ही मुद्दाम सोप्या केल्या नाहीत. होळीची पुरणपोळी घरीच होते, पुरण पाट्यावर नाही तरी पुरणयंत्रातून हातानेच काढले जाते आणि त्या दिवशी दुपारचे जेवण कितीही उशिरा झाले तरी चालते. सासूबाई ओट्याशेजारी खुर्चीवर बसून पुरण शिजले की नाही हे त्यात उलथने उभे राहते का यावरून सांगतात. दिवाळीच्या फराळाचे मात्र अजून ठरलेले नाही : नवऱ्याला चकली आणि अनारसे बाहेरून आणावेत असे वाटते, मुलाला सगळे घरचेच हवे आहे, आणि ‘मग अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलण्याचे खाते तुझे’ असे मी त्याला सांगितले आहे.