आठच

मंगळवार, रात्री पावणेबारा

परवा रविवारी जेवताना एक शब्द कानावर पडला आणि तो अजून उतरलेला नाही. शब्द अगदी साधा आहे, ‘आठच’. ज्याने तो उच्चारला त्याच्या मनात काहीही वाईट नव्हते, हे मला तेव्हाही कळले होते आणि आत्ताही कळते आहे. तरी काल बँकेत टोकन घेऊन बसले असताना आणि आज सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजताना तो पुन्हा पुन्हा आठवला. लिहून काढले म्हणजे निदान झोप तरी लागेल.

झाले ते एवढेच. ऐंशीच्या दशकातल्या इटालियन भयपटांचा विषय निघाला होता, म्हणजे मीच काढला होता, आणि मी जरा ठासूनच म्हणाले की दारिओ अर्जेंतोचे चित्रपट पाहताना मी थक्क होते, पण लुचो फुल्चीचे पाहताना घाबरते, आणि भयपटाच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. त्यावर दादाचे चिरंजीव हसत म्हणाले, “अगं आत्या, तू त्यातले आठच तर पाहिलेस.” आणि मी, वयाला न शोभणाऱ्या चपळाईने, म्हणाले, “नऊ.” सगळे हसले. वहिनीने मला न विचारता आमटी वाढली आणि बोलणे दादाच्या गुडघ्यावर गेले.

त्याने शंभराच्या वर पाहिले आहेत. त्याच्याजवळ याद्या आहेत, एकेका चित्रपटाची चार-चार नावे त्याला पाठ आहेत. फुल्चीचा ‘द बियाँड’ अमेरिकेत कापून, वेगळ्या नावाने आणि दिग्दर्शकाचे नाव लुई फुलर असे बदलून दाखवला गेला, हे मला त्यानेच सांगितले होते. अशा माणसासमोर आठवालीने गप्प बसावे हे रीतसर आहे. पण मग मत असायला किती लागतात? पंचवीस? चाळीस? शेजारणीच्या हातचे आठ वेळा जेवले तर तिची आमटी आंबट असते, एवढे म्हणण्याचा अधिकार मिळतो की नाही? आयुष्यभर मी कोणत्याच विषयातली जाणकार झाले नाही, सगळीकडे ‘असेच, वेळ होता म्हणून’ या खात्यात राहिले, आणि आता या वयात निदान रात्री एकटीने पाहिलेल्या गोष्टींबद्दल तरी कुणी हजेरीपट काढू नये, असे वाटत होते. हे वाक्य वाचताना मलाच माझी कीव येते आहे, तेव्हा ते तसेच ठेवून पुढे जाते.

हिशेब एकदा नीट करावा. ‘इन्फर्नो’ आणि ‘सिटी ऑफ द लिव्हिंग डेड’, दोन्ही १९८०चे. ‘द बियाँड’ आणि ‘द हाउस बाय द सिमेटरी’, दोन्ही १९८१चे. मग १९८२चा ‘टेनेब्रे’, १९८५चे ‘फिनॉमिना’ आणि ‘डेमन्स’, १९८७चा ‘ऑपेरा’. आठ झाले. नववा म्हणजे रुजेरो देओदातोचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’, जो मी अर्ध्यातच बंद केला. फुल्चीचा तो पाण्याखाली प्रेत आणि शार्क यांची झुंज असलेला चित्रपट धरला असता तर नऊ सरळ झाले असते, पण तो १९७९चा आहे, आणि ‘ऐंशीचे दशक’ असा नेमका शब्द मीच वापरला होता. म्हणजे मी ‘नऊ’ म्हणाले तेव्हा अर्ध्याला पूर्ण धरले. एवढ्याशा बाबीत खोटे बोलायची गरज मला का पडली, हाच खरा सल आहे. ‘आठच’ हे त्याच्यावरचे नुसते निमित्त.

तो अर्धा चित्रपट बंद करण्यामागचे कारण मात्र मी कुणालाही ताठ मानेने सांगेन. त्यात कॅमेऱ्यासमोर एका कासवाला खरोखर मारले आहे. गंमत अशी, की चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच मिलानमध्ये तो जप्त झाला तो माणसांमुळे: नट खरोखर मारले गेले असा संशय आला आणि ते जिवंत आहेत हे देओदातोला दाखवून द्यावे लागले. माणसे धडधाकट निघाली. कासवासाठी असा पुरावा कुणी देऊ शकणार नव्हते. ‘द बियाँड’मध्ये ग्रंथालयाच्या शिडीवरून पडलेल्या माणसाचा चेहरा कोळी खातात, आणि त्यातले काही कोळी खरे तर काही इतके उघड खोटे आहेत की कुणीतरी खालून ओढतो आहे हे स्पष्ट दिसते. पोरे तिथे हसतात. मला ते खोटे कोळी म्हणजे दिग्दर्शकाने प्रेक्षकाशी पाळलेले सौजन्य वाटते. खोटे आहे हे कळूनही मी उशी तोंडावर धरली, ती गोष्ट वेगळी.

आता माझे मत, जे रविवारी आमटीत बुडाले. अर्जेंतो मोठा कारागीर आहे यात शंका नाही. ‘टेनेब्रे’ या नावाचा अर्थ अंधार, आणि चित्रपट मात्र रोममधल्या पांढऱ्या शुभ्र इमारतींमध्ये, लख्ख उजेडात घडतो. त्यात कॅमेरा एका घराच्या भिंतीवरून चढतो, छपरावरून सरपटतो आणि पलीकडच्या बाजूने उतरतो, सगळे मिळून सुमारे अडीच मिनिटे, मध्ये कुठेही न कापता. ‘इन्फर्नो’मध्ये एका बाईच्या किल्ल्या तळघरातल्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडतात, त्या काढायला ती आत उतरते तर खाली झुंबरासकट एक अख्खी खोली बुडालेली असते, हे दृश्य मी तीन वेळा पाहिले आहे. ‘फिनॉमिना’त किड्यांशी संवाद साधणारी मुलगी आहे, आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे गाणे आहे आणि वस्तरा हातात घेतलेली चिंपांझी आहे, तेव्हा त्याविषयी अधिक काही लिहिण्याची आवश्यकता नाही. पण या सगळ्यात ‘बघा, कसे केले’ असा एक सूर असतो. ‘ऑपेरा’त तर खुनी माणूस नायिकेच्या डोळ्यांखाली सुयांची रांग चिकटवतो, म्हणजे तिला पापणी मिटता येऊ नये आणि समोरचा खून पाहावाच लागावा. मी ते दृश्य बोटांच्या फटीतून पाहिले, आणि अर्जेंतोला नेमके माझ्यासारख्यांचेच हात बाजूला करायचे होते हे लक्षात आल्यावर थोडा राग आला आणि थोडे हसू आले.

फुल्चीचे तसे नाही. हा गृहस्थ १९२७ साली रोममध्ये जन्मला, वैद्यकाचा अभ्यास केलेला, आणि अनेक वर्षे विनोदी चित्रपट लिहिण्यात आणि करण्यात घालवलेला. त्याच्या चित्रपटात संगती शोधू नये. ‘द बियाँड’मध्ये रुग्णालयाच्या दारावर इंग्रजीत पाटी आहे, ‘डू नॉट एंट्री’. आपल्याकडच्या पाट्या वाचून तयार झालेल्या डोळ्यांना ती घरचीच वाटते. त्याच चित्रपटात लिफ्टमध्ये उभा असलेला नायक पिस्तुलात गोळ्या भरतो त्या नळीच्या तोंडातून! ‘द हाउस बाय द सिमेटरी’मधल्या लहानग्या बॉबचा इंग्रजी आवाज असा आहे की मोठ्या बाईने बाळबोध बोलून दाखवावे. त्या काळी तिकडे चित्रीकरणात जो तो आपापल्या भाषेत बोलत असे आणि सगळे आवाज नंतर भरले जात. त्यामुळे ओठ मिटल्यावर शब्द येतो, पाऊल पडून गेल्यावर पावलाचा आवाज येतो. हा दोष आहे हे मान्य. पण स्वप्नातही असेच होते, कुणीतरी बोलते आणि आवाज दुसरीकडूनच येतो, आणि आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मला सापडली आहे, आणि ती मी कुठे वाचलेली नाही. ‘सिटी ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये एक स्त्री जिवंतपणी पुरली जाते, वरून जाणाऱ्या पत्रकाराला तिचा आक्रोश ऐकू येतो आणि तो कुदळीने शवपेटी फोडू लागतो. प्रत्येक घावाला कुदळीचे टोक फळी फोडून तिच्या डोळ्यांपाशी येते. ‘द हाउस बाय द सिमेटरी’मध्ये मुलगा तळघरात अडकतो, बाप कुऱ्हाडीने दार फोडू लागतो, आणि आत उभा असलेला राक्षस मुलाचे डोके नेमके त्याच दारावर दाबून धरतो. दोन्हीकडे मारेकऱ्यापेक्षा भयंकर काय, तर वाचवायला धावलेल्या माणसाच्या हातातले हत्यार. तो थांबला तर आतले माणूस मरणार, आणि न थांबला तर कदाचित त्याच्याच घावाने मरणार. पलीकडे काय चालले आहे हे त्याला दिसत नाही, आणि तो तर प्रेमानेच घाव घालतो आहे. सही कुठे करायची ते दाखवा, असे म्हणण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ते असो.

‘डेमन्स’ची निर्मिती अर्जेंतोची, दिग्दर्शन लाम्बेर्तो बाव्हाचे. बर्लिनमधल्या मेट्रोपोल नावाच्या चित्रपटगृहात फुकट तिकिटे वाटून माणसे बोलावली जातात, पडद्यावर जे घडते तेच प्रेक्षकांत घडू लागते, आणि बाहेर पडायला जावे तर दारामागे भिंत. पुढे नायक खुर्च्यांमधून मोटारसायकल चालवत तलवार फिरवतो आणि छप्पर फोडून हेलिकॉप्टर पडते, म्हणजे एकंदरीत जेवणानंतर पाहायला उत्तम. पण इटलीत १९७५ साली सुमारे ५१ कोटी तिकिटे खपली होती आणि हा चित्रपट आला त्या १९८५ साली ती १२ कोटींच्या आसपास उतरली होती. खाजगी दूरचित्रवाणीने माणसे घरी बसवली होती. हे ठाऊक झाल्यावर त्या फुकट तिकिटांकडे पाहून मला वाईटच वाटले. प्रेक्षक यावा म्हणून दाराशी उभे राहायचे, आणि आला की त्याला परत जाऊच द्यायचे नाही.

पण मला खरी भीती वाटली ती एकदाच, ‘द बियाँड’च्या शेवटी. नायक आणि नायिका रुग्णालयात उठलेल्या मृतांपासून पळत तळमजल्याकडचा जिना उतरतात आणि पोहोचतात ते त्या हॉटेलच्या तळघरात, जिथून कथा सुरू झाली होती आणि जे रुग्णालयापासून बरेच दूर आहे. ती चकित होते, पण तिथून पुढेच जावे लागते. पुढे धुके, करडी सपाट जमीन, इतस्ततः पडलेली प्रेते. पहिल्याच प्रसंगात, १९२७ साली, ज्या चित्रकाराला भिंतीला ठोकून मारले त्याने रंगवलेले हेच चित्र. वळून पाहावे तर मागेही तेच. मग दोघांचे डोळे पांढरे होतात आणि ती दोघे विरून जातात. कुणी ओरडत नाही. या चित्रपटाला कथानक नाही, नुसती दृश्यांची माळ आहे, असे फुल्ची स्वतःच सांगत असे, आणि समीक्षकांनी तेच दूषण म्हणून त्याला ऐकवले. मला मात्र तो जिना अगदी तर्कशुद्ध वाटला. काही इमारतींमधला मागचा जिना रात्री तीन वाजता उतरले की आपण नेमके कुठे निघू याची खात्री नसते. मी तो दोन महिने उतरत होते. खाली वाहनतळच होता, दरवेळी.

तेव्हाच्या रात्रींत मी यातले पाच पाहिले, फोनवर, आवाज जवळजवळ बंद करून. म्हणजे भरलेल्या आवाजांविषयी मी वर जे पांडित्य केले ते बरेचसे नंतरचे आहे. रविवारी ‘नऊ’ म्हणण्याऐवजी हे सांगता आले असते. पण भात कालवत असताना असे काही बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि तो बिचारा कावराबावरा झाला असता. त्यापेक्षा खोटे बोलले ते बरे केले. शंभर चित्रपट पाहिलेल्या पोराला उगाच एखाद्या चित्रपटाची भीती कशाला घालायची.

आज संध्याकाळी त्याचा संदेश आला: “आत्या, नववा कोणता गं?” मी अजून उत्तर दिलेले नाही. रात्री जेवण झाल्यावर ‘द बियाँड’ची शेवटची दहा मिनिटे पुन्हा लावली, या वेळी दिवे सुरू ठेवून आणि आवाज मोठा करून. फाबियो फ्रित्झीचे संगीत चांगलेच घुमते. फोनवर ते कळलेच नव्हते. वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर दोनदा टकटक केली, तेव्हा मात्र मी जागची उठून उभी राहिले.

एकच चित्रपट दोनदा पाहिला तर तो दोन धरायचा का, हे उद्या त्यालाच विचारते.