जाडी पूर्ण, तरी टाकी गळतेय

पावसाळा संपता संपता पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून आमच्या लॅबला फोन आला, गरम पाण्याची स्टेनलेसची टाकी गळतेय, सप्लायरने ३१६एल ग्रेडचं स्टेनलेस सांगून हलकं ३०४ मारलंय, तुम्ही फक्त तसा रिपोर्ट द्या. तपासल्याशिवाय असं लिहून देता येत नाही ना, म्हणून पीएमआय गन, म्हणजे धातूवर टेकवली की त्यात काय किती आहे ते सांगणारं हातातलं यंत्र, घेऊन रबाळ्याहून निघाले.

गन लावली तर क्रोमियम १६.७, निकेल १०.२, मॉलिब्डेनम २.१ टक्के. ३०४ मध्ये एवढं मॉलिब्डेनम नसतंच. कार्बन काही ही गन वाचत नाही, तो नंतर लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटरवर काढला, ०.०२ टक्के आला, 'एल'ला हवा तसा कमी, म्हणजे माल अगदी ऑर्डरप्रमाणे ३१६एल. साहेब वैतागले, "मॅडम, मग फुटली कशी? आत्ताच अल्ट्रासॉनिकने जाडी मोजलीय, ६ एमएम पूर्ण भरतेय!"

खरं तर जाडी पूर्ण आहे हे ऐकूनच मला शंका आली. गंजून झिजली असती तर जाडी घटली असती. फिटर काकांना म्हटलं वरच्या नोझलजवळचं, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाजवळचं, क्लॅडिंग (बाहेरचं पत्र्याचं आवरण) काढा, तर आतलं रॉकवूल, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं इन्सुलेशन, ओलंचिंब, आणि नोझलभोवतीचं सीलंट कधीच फाटलेलं. डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा दाखवणारी डीपी टेस्ट केली, लाल डाय मारून पुसला, वर पांढरा डेव्हलपर, आणि पाचेक मिनिटांत वेल्डच्या कडेने लाल रेषा उमटायला लागल्या, झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेल्या. बाहेरून भरपूर, आतून एखाददुसरी, म्हणजे सुरुवात बाहेरूनच.

होतं काय, पावसाचं पाणी इन्सुलेशनमध्ये शिरतं, खाडीकडच्या हवेतले आणि वूलमधले क्लोराइड (मिठातले क्षार) घेऊन गरम पत्र्यापर्यंत पोचतं, पाणी उडून जातं, क्लोराइड तिथेच राहतात, परत पाऊस, परत तेच. टाकी ८० डिग्रीला, साधारण ६० च्या वर हा धोका वाढतो, त्यात वेल्डचा ताण धातूत अडकलेला असतोच, मग पत्रा न झिजता नुसता चिरत जातो. मायक्रोस्कोपखाली चिरा धातूच्या बारीक दाण्यांमधून आरपार गेलेल्या दिसल्या, कडेकडेने नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा बिघडला असता तर त्या दाण्यांच्या कडेने गेल्या असत्या, त्यामुळे ती शंका पण मिटली.

मला जास्त वाईट वाटलं ते सप्लायरचं पेमेंट अडकवून ठेवलं होतं त्याचं. आपल्याकडे स्टेनलेस फुटलं की आधी मटेरियल डुप्लिकेट म्हणायचं ही फार वाईट सवय आहे. म्हणून रिपोर्टची पहिलीच ओळ लिहिली, मटेरियल ३१६एल, ऑर्डरप्रमाणे.

खराब भाग कापून तिथे डुप्लेक्स २२०५ हे वेगळ्या प्रकारचं स्टेनलेस घालायला सांगितलं, २२ टक्के क्रोमियम, या चिरण्याला ३१६एलपेक्षा कितीतरी जास्त तग धरतं, फक्त वेल्डिंग २२०९ फिलरने (जोडात वितळवून भरायचा धातू) आणि उष्णता सांभाळून, नाहीतर त्याचा गुणच जातो. बाकी टाकीला इन्सुलेशनखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि नवीन सीलंट. शेजारच्या दोन टाक्या पण उघडायला लावल्या, साहेब नको म्हणत होते. एकीच्या नोझलजवळ तशाच रेषा निघाल्या, ती अजून गळायला लागली नव्हती.