कोठीतलं ऊन

एप्रिल संपत आला की गच्च्यांवर जुनी धोतरं, पातळं आणि चादरी पसरल्या जातात. त्यांवर गहू, डाळी, मिरच्या. कोकणात या धांदलीला आगोटीची तयारी म्हणतात, गोव्यात पुरुमेंत. तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, पण त्यातली सोलं, सुकटं, उकडे तांदूळ आणि कांद्याच्या माळा अगदी इथल्याच. घाटावर साधं 'वर्षाचं धान्य भरणं'. स्वस्त पडतं म्हणून भरतात हे खरंच आहे, पण कोठीत खरं भरायचं असतं ते एप्रिल-मेचं कोरडं ऊन. ते नीट भरलं गेलं नाही, तर स्वस्तात घेतलेलं पोतं श्रावणात सोंड्यांच्या पोटात जातं.

आधी हिशेब. एक किलो कणकेच्या 30 ते 35 पोळ्या होतात. चौघांच्या घरात रोज 20 पोळ्या लागत असतील तर महिन्याच्या 600, म्हणजे 18 ते 20 किलो गहू. पहिल्यांदाच भरत असाल तर 12 महिन्यांचा मोह टाळून पावसाळ्याचे 5 महिने धरावेत. 100 किलो झाले, दोन पोती. 50 किलो गव्हाला साधारण 65 लिटर जागा लागते, म्हणून कोठी आधी बघायची आणि पोतं मागून. उलटं केलं की उरलेलं धान्य गोणीतच भिंतीला टेकून बसतं, भिंतीची ओल खालच्या थराला लागते आणि तिथूनच वास सुरू होतो.

दुसरा हिशेब पैशांचा, आणि तो बहुतेकजण अर्धाच करतात. समजा पोतं 35 रुपये किलोनं मिळालं. 50 किलोचे 1750, रिक्षाचे 100, आणि निवडता-चाळता किलोभर खडे, कोंडा निघाला. 1850 भागिले 49, म्हणजे पावणेअडतीस. कोपऱ्यावरचा दुकानदार निवडलेला गहू 38 ला देत असेल तर एवढी उस्तवार चार आण्यांसाठी झाली. तीन घरांनी मिळून तीन पोती एका रिक्षातून आणली की तोच भाव साडेछत्तीसच्या आत येतो. आणखी एक गंमत सरकारी आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्याला 5 टक्के जीएसटी लागला, त्याहून मोठ्या पोत्याला नाही. त्यानंतर बाजारात 26 किलोची पोती दिसू लागली. हा एक किलो कुठून उगवला ते त्यावरून कळावं.

तेलाच्या डब्यातही असाच घोळ असतो. 15 लिटरचा डबा आणि 15 किलोचा डबा बाहेरून सारखेच वाटतात. लिटरभर तेल भरतं जेमतेम 910 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा-पावणेचौदा किलोच तेल असतं. भाव विचारताना 'लिटर की किलो' हे आधी.

सगळं एकदम भरायचं, तेही मे महिन्यातच, हा समज मात्र खिशाला कात्री लावतो. प्रत्येक जिन्नस आपापल्या वेळी बाजारात येतो. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, तिची डाळ त्यानंतर. हरभरा आणि शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये, मिरची, हळद, धने, चिंच मार्चच्या आगेमागे, गहू मार्च-एप्रिलला. तांदळाचा हंगाम दिवाळीच्या सुमाराचा. त्या त्या महिन्यात एकेक जिन्नस घेतला की एकाच महिन्याचा पगार कोठीत जात नाही.

तांदळाचं तंत्र वेगळंच. बाकी सगळं जुनं होताना उतरतं, हा एकटा चढतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, मोदकाच्या पिठीला तो बरा. वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी जास्त पितो, मोकळा शिजतो आणि पातेल्यात वाढतो, तेव्हा जुन्याला चार पैसे जास्त पडले तरी पानात तो पुरून उरतो. नवा स्वस्तात घेऊन स्वतःच जुना करणं हा खरा काटकसरीचा मार्ग. फक्त त्याला कडक ऊन दाखवायचं नाही. दाणे तडकतात आणि चाळताना अर्धी कणीच खाली पडते. सावलीत, वाऱ्यावर वाळवावा.

गव्हाला आणि डाळींना मात्र भरपूर ऊन हवं. गहू घेतानाच एक दाणा दाताखाली धरावा. कटकन फुटला तर ठीक, चेपला तर त्यात ओल आहे. दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावं आणि मग सगळ्यात जास्त केली जाणारी चूक टाळावी, ती म्हणजे गरम धान्य तसंच कोठीत ओतणं. आतल्या उष्णतेनं दाण्यातली ओल वाफ होऊन वर येते, रात्री थंड झाकणाला घाम फुटतो, थेंब वरच्या थरावर पडतात आणि आठवड्याभरात बुरशीचा पांढरा थर दिसतो. संध्याकाळी घरात आणून पसरून ठेवावं आणि सकाळी हाताला गार लागलं की भरावं.

कीड बाहेरून येते असं वाटतं. बऱ्याचदा ती पोत्याबरोबरच आलेली असते. सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते, म्हणून निवडताना काहीच दिसत नाही, आणि दमट उकाड्यात महिन्याभरात दाण्याला भोक पाडून सोंडा बाहेर येतो. कडधान्याचा भुंगा तर शेतात शेंगेवरच अंडी घालून ठेवतो. त्यामुळे अख्खे मूग, मटकी, चवळी लवकर भुंगतात. सोललेली डाळ त्यामानानं टिकते. डाळ-कडधान्याला किलोमागे चमचाभर एरंडेल हातानं चोळलं की अंडी नीट चिकटत नाहीत, घातलेली गुदमरतात. गव्हाला अर्धा चमचा पुरे. जास्त झालं तर दळणाच्या वेळी जात्याच्या दगडाला चिकटा धरतो आणि गिरणीवाला दळण परत करतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून. ताजा हिरवा पाला म्हणजे आपल्याच हातानं कोठीत पाणी ओतणं.

पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर अजूनही काही घरांत वापरतात. दोन्ही नकोत. गोदामात धुरी देण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराच्या उंबऱ्याच्या आतही आणू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूनं झोपलेली माणसं दगावतात.

पूर्वीची पेवं याहून शहाणी होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध. जमिनीतला खड्डा भरून तोंड लिंपलं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कीड गुदमरून मरते. फ्लॅटमध्ये पेव खणता येत नाही, पण तत्त्व उचलता येतं. कोठी गळ्यापर्यंत भरावी, झाकणाच्या फटीला चिकटपट्टी लावावी, आणि निम्मी झाली की उरलेलं लहान डब्यात काढावं. अर्ध्या रिकाम्या कोठीत किडीला मोकळी हवा मिळते. 15 किलोचा तेलाचा डबा साबणानं घासून, उन्हात खडखडीत वाळवला की 12 किलो गहू सहज मावतो.

काही गोष्टी घाऊक घेऊच नयेत. रवा, मैदा, बेसन यांत जाळ्या धरतात. घेतलेच तर पिशवी घट्ट बांधून 4 दिवस फ्रीजरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा जाईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर हवेतली ओल पिठावर बसते. शेंगदाणे पावसाळ्यात खवट होतात, बुरशीचा धोका वेगळा. दोन महिन्यांचेच बरे. गूळ पाघळतो. आणि पीठ कधीच साठवू नये. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. बाजरीचं त्याआधीच कडू होतं. ज्वारी वर्षाची असू दे, दळण आठ-दहा दिवसांचंच. बाजरीचं त्याहून कमी.

तिखटाचं काम उन्हाचं आणि रंगाचं. रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी, दोन्हींचं प्रमाण घरागणिक. देठ काढलेली मिरची हातात चुरली की कुरकुरली पाहिजे. नरम मिरची कांडपावर नेली तर तिखटाच्या गुठळ्या होतात. बरणीत तळाशी आणि वर खडा हिंग, आणि बरणी अंधाऱ्या फडताळात. ओट्यावर मिरवायला ठेवलेलं तिखट गणपतीपर्यंत विटकरी होतं. चिंच चिंचोके काढून, मीठ चोळून, गोळे दाबून बसवावी.

मृग लागतो 7-8 जूनच्या सुमाराला, वळीव त्याच्याही आधी गाठतो. म्हणून वाळवणाचं काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात उरकलेलं बरं. पुढे पावसात कोठी रोज उघडायची नाही. उघडीप असेल त्या दुपारी, कोरड्या हातानं महिन्याचं एकदम काढून झाकण लावायचं. काढताना मूठभर नाकाशी धरावं. कोंदट वास आला, किंवा हात आत घातल्यावर मधलं धान्य ऊबदार लागलं, तर तिथे काहीतरी वाढतंय. सगळं बाहेर काढून पंख्याखाली पसरायचं आणि ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर न्यायचं. दिवाळीच्या आसपास डबे रिकामे होऊ लागले की तळाचं उरलेलं आधी संपवायचं, जुन्यावर नवं ओतायचं नाही. डबा धुऊन, पुसून, झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवावा. तोवर नवा तांदूळ बाजारात आलेला असतो.