हरेगावच्या वाटेवर, सप्टेंबर 2023

राहुरीहून हरेगाव म्हणजे काही आळंदी-पंढरपूर नव्हे. राहुरी फॅक्टरीपाशी नगर-मनमाड रस्ता सोडायचा, देवळाली प्रवरा मागे टाकायचं, प्रवरा ओलांडून बेलापूर, मग श्रीरामपूर आणि तिथून हरेगाव. मध्ये एक मुक्काम केला तर धडधाकट माणूस आरामात पोचतो. तरी आमच्याकडचे ख्रिस्ती लोक याला वारीच म्हणतात. पुढे पिवळा-पांढरा झेंडा, त्यामागे मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मारियेची तसबीर, मग टाळ-ढोलकीवाले, आणि सगळ्यात शेवटी टेम्पो. टेम्पोत पाण्याचे जार, भाकऱ्यांच्या दुरड्या आणि "जरा टेकते" म्हणून चढलेल्या आणि मग न उतरलेल्या म्हाताऱ्या.

8 सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिवस. त्याला धरून शनिवार-रविवारी हरेगावच्या चर्चच्या आवारात यात्रा भरते. नाशिक, जालना, संभाजीनगर, पुणे, मुंबई, कुठून कुठून माणसं येतात. सगळी ख्रिस्तीच असतात असंही नाही. नवस बोललेल्या हिंदू बाया असतात, मुसलमानही असतात. एरवी हे गाव लोकांना माहीत ते ब्रिटिश काळातल्या बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे.

2023 साली मात्र हरेगाव वेगळ्याच कारणाने सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. ऑगस्टच्या अखेरीस, आमच्या वारीच्या जेमतेम दोन आठवडे आधी, तिथे चार दलित पोरांना शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून झाडाला उलटं टांगून मारलं. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. अटका झाल्या, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, मोर्चे निघाले, पुढारी येऊन गेले. आणि त्याच गावाला आम्ही टाळ वाजवत निघालो होतो.

आमच्यातल्या बहुतेकांचे पणजे महारवाड्यातून नाहीतर मांगवाड्यातून मिशनच्या दारी आले. कागदावर आज आम्ही अनुसूचित जातीत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती माणसाला तो दाखला मिळत नाही. पण गावाला आमची आळी कोणती ते पक्कं माहीत असतं. त्यामुळे ही बातमी आम्ही लांबची म्हणून वाचलीच नव्हती. वाचली होती आणि गप्प बसलो होतो.

तो ऑगस्टही भयंकर कोरडा गेला होता. 1901 पासूनच्या नोंदींत देशभर इतका कमी पाऊस कुठल्याच ऑगस्टमध्ये झाला नव्हता. देवळालीच्या पुढे रस्त्याकडेचं सोयाबीन माना टाकून उभं. भजनात पहिली मागणी पावसाची, दुसरी कर्जाची, तिसरी पोरीच्या लग्नाची, असा क्रम आपोआप लागला.

संध्याकाळी बेलापूरच्या अलीकडे एका वस्तीवर मुक्काम होता. पोरांनी घमेल्यात कढत पाणी आणि मीठ टाकून म्हाताऱ्यांचे पाय शेकले. मग पिठलं-भाकरी, मग प्रार्थना. आमचे मास्तर जपमाळेआधी विचारतात, कोणासाठी मागायचं ते सांगा. एकीने मणिपूर म्हटलं. तिथे 3 मेपासून आग लागलेली, चर्चं जळालेली, माणसं छावण्यांत. सगळ्यांनी मनापासून मागितलं, दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. एवढ्यात माझा भाचा, चाकणला कंपनीत असतो, मागून म्हणाला, "आणि हरेगावचं कोणी नाव घेणारे का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. कोणीतरी पुटपुटलं, वारीत राजकारण नको. मला ते खटकलं. मणिपूरचं राजकारण आम्हाला कळत नव्हतं, म्हणून त्याची प्रार्थना सोपी होती. हरेगावात मारणाऱ्यांच्या घरची माणसं उद्या रस्त्यात भेटणार होती, त्यांच्या टपरीवर चहा प्यायचा होता. अवघड होतं ते इथेच. योहानाच्या पहिल्या पत्रात हे अगदी रोखठोक लिहिलंय: समोर दिसणाऱ्या भावाचा द्वेष करून न दिसणाऱ्या देवावर प्रीती करतो म्हणणारा लबाड आहे.

"प्रभूनं सांगितलंय, वैऱ्यावर प्रीती करा," माझी मावशी म्हणाली. तिने टेम्पोत पाऊल ठेवलं नव्हतं, बासष्टीची आहे. "माफ करायचं आणि मोकळं व्हायचं."

"मावशी, टांगलं त्यांना, आणि माफ तू करणार?"

यावर मावशी चिडली. ऐकून घेण्यासारखं भांडण होतं ते. मास्तर मध्ये पडले, पण त्यांनी भाच्याला गप्प केलं नाही. दुसरा गाल पुढे करण्याचं वचन सगळ्यांना पाठ असतं, म्हणाले, पण प्रत्यक्षात येशूच्या तोंडात मारली गेली तेव्हा त्याने काय केलं ते कोणी सांगत नाही. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढला. प्रमुख याजकापुढे उभा असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. येशूने उलट हात उचलला नाही. गप्पही बसला नाही. मी वावगं बोललो असेन तर दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं.

हे वचन मी कितीदा ऐकलं असेन, गुड फ्रायडेला दरवर्षी वाचतातच. पण गोठ्याशेजारी ताडपत्रीवर बसून ऐकताना मला त्यात पहिल्यांदा हरेगाव दिसलं. वैऱ्यावर प्रीती म्हणजे त्याला हा प्रश्नच न विचारणं, असा सोयीचा अर्थ आम्ही लावून ठेवला आहे. सोयीचा कोणाला, तर मारणाऱ्याला. आणि आम्हालाही, कारण मग मध्ये पडावं लागत नाही. "एकमेकांवर प्रीती करा" ही आज्ञा तरी येशूने कधी दिली? त्याचाच शिष्य यहूदा दगा द्यायला बाहेर पडून गेला त्यानंतर, त्याच रात्री. जाण्याआधी येशूने त्याचेही पाय धुतले होते. सगळं आलबेल असताना ती आज्ञा दिली असती तर तिला काय अर्थ होता?

सकाळी प्रवरेच्या पुलावर वारं बरं होतं. पायाला फोड आलेले, त्यामुळे भांडणाचा जोर कमी. तरी भाच्याने शोमरोनी माणसाचा दाखला काढलाच. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, आणि थांबला तो यहुद्यांच्या लेखी विटाळाचा माणूस. "मास्तर, तो शोमरोनी अर्धा तास आधी पोचला असता तर? मारहाण चालू असताना?"

मास्तर चार पावलं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग जखमांवर ओतायचं तेल आणि द्राक्षारस कामाला आला नसता. गाढवावरून उतरून मध्ये उभं राहावं लागलं असतं."

"आणि व्हिडिओ काढत बसला असता तर?" मागून एक पोरगी म्हणाली. त्यावर हसू आलं, नको होतं तरी.

श्रीरामपूर जवळ आलं तसं वातावरण जड वाटायला लागलं. 1 सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला होता, गावोगाव बंद आणि रास्ता रोको चालले होते. जो तो आपल्या जखमेबद्दल बोलत होता, आणि खरंच बोलत होता. एका टपरीवर चहाचे पैसे घेईनात. मालक कपाळाला टिळा लावलेला, वयस्कर. हरेगावला चाललो म्हटल्यावर त्याने हळूच विचारलं, "ती पोरं तुमच्यातलीच का?"

आमच्यापैकी एकही जण त्या पोरांना ओळखत नव्हता. ती ख्रिस्ती होती का, तेही कोणी विचारलं नव्हतं. मावशीने कप खाली ठेवला. "आमचीच," ती म्हणाली. मालक म्हणाला, "वाईट झालं," आणि अजून एक किटली भरायला गेला.

हरेगावात शिरलो तेव्हा रस्ता पाळण्यांनी, बांगड्यांच्या दुकानांनी, भेळेच्या गाड्यांनी भरला होता. बंदोबस्त डोळ्यात भरत होता. रांगेत दोनेक तास गेले. मेणबत्त्या, नारळ, हार, रडणारी पोरं. आमच्याकडे मारियेला फार मऊ करून टाकलंय, निळी साडी, खाली झुकलेली नजर. लूकने शुभवर्तमानात तिच्या तोंडी घातलेलं गीत मात्र अजिबात मऊ नाही. त्यात देव सत्ताधीशांना गादीवरून खाली ओढतो, दीनांना वर उचलतो, आणि श्रीमंतांना रिकाम्या हाती लावून देतो. त्या रांगेतल्या बाया कोणत्या माउलीकडे आल्या होत्या, कोण जाणे. बहुधा दोघींकडेही.

रात्री आवारात आमचा घोळका जपमाळेला बसला. कोणासाठी मागायचं, मास्तरांनी विचारलं, आणि या वेळी मावशीनेच तोंड उघडलं. ज्या चौघांना टांगलं त्यांच्या अंगावरचे वळ भरून येवोत, त्यांच्या आयांना झोप लागो. ज्यांनी मारलं त्यांना कायद्याने शिक्षा होवो. एवढं म्हणून ती थांबली, आणि मग, शिक्षा भोगून का होईना त्यांनाही माणूस कळो, त्यांच्या पोराबाळांना कोणी बोट दाखवू नये.

पहिल्या दोन मागण्यांना भाच्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. तिसरीला तो आमेन म्हणाला नाही.

परत येताना एसटीत त्याने तिला खिडकीची जागा दिली आणि म्हणाला, "शेवटचं ते मला जमलं नाही बघ."

"मला तरी कुठं जमलंय," मावशी म्हणाली. "मी आपलं म्हणून टाकलं."